घोडीच हाय

आप्पा, आपली ती घोडी खेचर होती. हे तुम्हाला माहीत होतं का, एवढंच विचारायचं आहे. विचारायला तुम्ही नाही, म्हणून हे कागदावर.

शिवाजी पेठेत तुमची नाल ठोकायची भट्टी होती तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. समोरच्या कट्ट्यावर बसून लिहिते आहे. तुमच्यामागे मी शिकले, परदेशात गेले, आणि काम काय मिळालं, तर मेलेल्या जनावरांची हाडं तपासायचं. रोमन सैन्याच्या जुन्या छावण्यांत सापडलेली हाडं आमच्याकडे येतात. ज्यांच्यावर आधी कुणीतरी ‘घोडा’ लिहून ठेवलेलं असतं, त्यातली काही खेचरं निघतात. नुसत्या हाडावरून फसायला होतं. मग दाताच्या आतल्या रेघा बघायच्या, तरी शंका राहिली तर दात पोखरून भुगा काढायचा आणि त्यातले जनुक वाचायचे. त्या लोकांना खेचराचं भारी कौतुक. चांगल्या घोड्या राखून त्यांना मुद्दाम गाढव दाखवायचे, कारण ओझं घेऊन लांब चालायला तसं जनावर नाही. हे वाचलं की मला दरवेळी आपल्या दारातली ती आठवते, आणि आपल्याकडे खेचर म्हटलं की माणसाची मान खाली का जावी, ते कळत नाही.

तिला तुम्ही बाजारातून आणलीत तेव्हा ती शिंगरू होती. कान जरा लांब. ओरडायची क्वचितच, पण ओरडली की सुरुवात घोड्यासारखी आणि शेवट भलताच. “घसा बसलाय तिचा,” म्हणून तुम्ही हळद-गूळ चारायचात. आप्पा, वर्षानुवर्षं कुणाचा घसा बसतो? मग कोडोलीचा एक शेतकरी आला. त्याला पैदाशीला घोडी हवी होती, खेचराला तर शिंगरू होत नाही. तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवलात. “घोडीच हाय पावणं. बिनघोर न्या.” तुमचा शब्द, म्हणून त्यानं नेली. तेव्हा पेठेत कुणालाही जनावर घ्यायचं असलं की आधी तुम्हाला दाखवायचे. तीन वर्षांनी, सकाळी भट्टीवर गर्दी असताना, तो तिला घेऊन परत आला. “एक शिंगरू न्हाय. खेचर मारलंसा की ओ माझ्या गळ्यात!” तुम्ही दावं हातात घेतलंत, तिला खुंट्याला बांधलंत आणि पाणी दाखवलंत. त्यानंतर लोक नाल ठोकायला येत राहिले, पण जनावर कसं आहे, हे तुम्हाला कुणी विचारलं नाही.

मी विचारलं. तुम्ही जेवायला बसला आहात, आई चुलीपुढे भाकरी थापते आहे. मी म्हणते, “आप्पा, तुमास्नी म्हाईत हुतं?” तुमचा हात ताटातच थांबतो. “घोडीच हाय. पुन्यांदा इचारलंस तर बघ.” तुम्ही कधी माझ्यावर हात उगारला नव्हता, तेव्हाही नाही. पण मी पुन्हा विचारलं नाही. ती म्हातारी होऊन मेली, तेव्हा तुम्ही तिचा एक दात धुऊन माझ्या हातावर ठेवलात. “ऱ्हाऊ दे तुज्याजवळ. घोडीचा हाय.”

गेल्या वर्षी मी तो तपासला. पहिल्या तपासणीत घोडी आली. मी प्रयोगशाळेत एकटीच हसले, रडलेसुद्धा. वाटलं, उठावं आणि पेठेत ओरडून सांगावं. खरं तर ती तपासणी फक्त आईकडून आलेले जनुक दाखवते, आणि खेचराची आई घोडीच असते. विद्यार्थ्यांना मी पहिल्याच दिवशी हे सांगते. तरी दोन दिवस मी तुम्हाला जिंकवून बसले होते. मग दुसरी तपासणी झाली. निम्मी गाढव.

आता मी काय समजू? माहीत होतं म्हणावं, तर तुम्ही त्या माणसाला फसवलंत. नव्हतं म्हणावं, तर नुसत्या खुरावर हात फिरवून जनावराची चाल सांगणारे तुम्ही, तुम्हाला घरचं जनावर कळलं नाही? दोन्ही मला मान्य नाही. काल माळ्यावर तिची नाल सापडली. अरुंद आहे, खेचराला ठोकतात तशी. क्षणभर वाटलं, सापडलं उत्तर. पण नाल तर तुम्ही समोरच्या खुराच्या मापानंच वळवणार, त्यावरून तुमच्या मनातलं काय कळणार?

हे पत्र दाताच्या डबीत ठेवते, दुसरं कुठे टाकणार? एक मात्र सांगायचं राहिलं. आमच्या तक्त्यात प्रत्येक दातापुढे जनावर कोणतं ते लिहायचं असतं. तपासणीला देताना मी तिथे ‘घोडी’ लिहिलं होतं. निकाल येऊन वर्ष झालं, मी अजून ते खोडलेलं नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. ती काय होती, ते मला माहीत आहे, आप्पा. आणि तरीही, मी खोटं लिहिलंय असं मला वाटत नाही.