शाळा आणि चौकीसह घर विकणे आहे

२ जून १९६३, रविवार
केडगावचे बापूसाहेब घर बघायला आले. घर आवडलं. मग विचारलं, शाळा कुठं? म्हटलं, रुळांपलीकडं. चोऱ्या होतात का? शेजारच्या हौसरावनं न विचारता सांगितलं की व्हय, यार्डातला कोळसा पळवणारे ह्याच बोळातनं जात्यात. बापूसाहेब चहा न घेताच उठले. हौसराव भला माणूस, पण पोटात काही राहत नाही.

बायकोला, ग्लॅडिसला, दिवाळीच्या आत शिरूरला, माहेराजवळ घर हवंय. लेकीला, हन्नाला, तिथल्या मिशनच्या शाळेत घालायचंय. दौंडचं विकल्याशिवाय शिरूरचं घेता येत नाही. विकू. मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात उगाच केस पांढरे केलेले नाहीत.

१० जून
आयडिया सुचली. शाळा लांब आहे, तर तीच इकडं आणायची. पहिलीची पोरं जागेअभावी देवळात बसतात. हेडमास्तरांना आपली पुढची खोली देऊ केली. फुकट, पण तात्पुरती. ते गहिवरले. ग्लॅडिस म्हणाली, सरकारी पाहुणा उठत नसतो. बायकांना धंद्यातलं कळत नाही.

२४ जून
वर्ग भरला. हौसरावनं मला हार घातला. त्याला वाटतं ही समाजसेवा. रात्रपाळी करून आलो, पण पाढ्यांमुळे डोळा लागला नाही.

८ जुलै
दुसरीची पोरंही आली. मधली खोली दिली. आम्ही तिघं स्वयंपाकघरात. किंमत वाढतेय, हे विसरायचं नाही.

२२ जुलै
आता सेफ्टी. फौजदारांना भेटलो. चौकीला जागा नाही म्हणाले. मागची पडवी दिली. पुढं विद्या, मागं कायदा. असं घर अख्ख्या दौंडात नाही.

३० जुलै
पडवी गळते म्हणून हवालदार आनंदरावनं एक कोळसेचोर आमच्या चुलीपाशी आणून बसवला. ग्लॅडिसनं त्याला चहा दिला. तो संध्याकाळी सुटला. आम्ही अजून इथंच आहोत.

६ ऑगस्ट
हेडमास्तरांना विचारलं, कधी हलणार? म्हणाले, इमारत मंजूर झाली की. कधी होईल? हसले. म्हणजे लवकरच.

१२ ऑगस्ट
ग्लॅडिस हन्नाला घेऊन शिरूरला गेली. म्हणाली, तुमचं घर विकेपर्यंत पोरीचं लग्न होईल. घर ओकंओकं वाटतंय. म्हणजे दोन वर्ग आणि चौकी सोडून. हन्ना जाताना रडली. मीही.

पण बापूसाहेबांना चिठ्ठी पाठवलीय. रविवारी येतायत. या वेळी व्यवहार होणारच.

१८ ऑगस्ट, रविवार
काल रात्रपाळीहून येऊन स्वयंपाकघरात झोपलो. शनिवारची सकाळची शाळा सुटली. हेडमास्तर पुढच्या दाराला सरकारी कुलूप लावून किल्लीसकट गावी गेले. पडवीत जप्तीचा कोळसा आहे, म्हणून आनंदराव ते दारही लावून बंदोबस्तावर गेले. मी आत आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. हौसरावला कुलूप तोडायला सांगितलं. तो म्हणाला, चौकीच्या दारात सरकारी कुलूप कसं तोडू, बाबू?

दहा वाजता बापूसाहेब आले. मी खिडकीच्या गजांतून घराची माहिती दिली. ते खूश झाले. शेजारी शाळा, शेजारी चौकी, आणखी काय पाहिजे म्हणाले. लगेच हौसरावचं घर ठरवून टाकलं.

दुपारी हौसराव खिडकीशी आला. पैसा बरा आला, आता शिरूरला लेकीजवळ घर घेतो म्हणाला. भाकरी आत सरकवली आणि विचारलं, वहिनीस्नी काय निरोप द्यायचा हाय का?

म्हटलं, सांगा, आपल्या भागाला चांगला भाव आलाय.