कथा शिकवणारी पुस्तकं आणि सरिताच्या वाटचे लाडू

द्वारका, नाशिक
रविवार, १२ ऑगस्ट २००१

ती. लंकाआत्यास,

मोहिनीचा वाकून नमस्कार. नमस्कारानंतर 'वि. वि.' लिहायचं आणि त्याचा अर्थ 'विनंती विशेष' असतो, हे तूच शिकवलंस. पण पत्र सुरू होताच विनंती करणं म्हणजे उंबऱ्यातच उभं राहून चहा मागण्यासारखं वाटतं, म्हणून ती मी शेवटासाठी ठेवते. (असलीच तर. बहुधा नाही.)

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं तेल लावतेस की तसंच फडताळात ठेवलंयस? कांदाचाळीत साठवलेला कांदा या पावसात कितपत टिकला? भाऊंना खोकला होता असं तू मागे लिहिलं होतंस, तो थांबला का? मी मजेत आहे. दमा शांत आहे, जेवण वेळेवर होतं. सरिताही मजेत आहे आणि तुला नमस्कार सांगते. तू दोन वेगळ्या डब्यांत पाठवलेले लाडू नीट पोचले, एकही फुटला नव्हता. माझे अकरा, तिचे अकरा. तिचे लाडू संपलेसुद्धा. एका दिवसात संपले.

आता मुख्य गोष्ट. मी कथा लिहिते आहे. घाबरू नकोस, ऑफिस सोडलेलं नाही. एका दिवाळी अंकाने नव्या लेखकांसाठी कथास्पर्धा ठेवली आहे, आणि कथा ३१ तारखेच्या आत पोचायला हवी. अकरा पानं झाली आहेत, शेवट होत नाही. माझं नाव छापून आलं तर तो अंक मी तुला पाठवीन आणि तू तो भाऊंच्या समोर ठेवशील. वडील म्हणून मला नाशिकला पाठवायला त्यांची तयारी नव्हती, आणि पोर तिथं एकटी राहणार नाही, खोलीत सरिता आहे, असा शब्द देऊन तूच त्यांना राजी केलंस, हे मी विसरलेले नाही. तेव्हा कथा चांगलीच व्हायला हवी. आणि चांगलं काही करायचं तर आधी त्याचं पुस्तक वाचावं, म्हणून मी वाचनालयात गेले.

(मधेच एक सांगते. कथा लिहायला मला त्रास होतो त्याला थोडी तूही कारण आहेस. राग मानू नकोस. दम्यामुळे चौथीपर्यंत माझी शाळा म्हणजे तू, पाटी आणि मळ्यातली पडवी. रोज संध्याकाळी त्या दिवशी पाहिलेलं पाच ओळींत लिहायचं, आणि मग तू ते तपासायला उठायचीस. मी 'कोंबड्या सात' लिहिलं की तू खुराड्यापर्यंत जाऊन मोजायचीस, सहा निघाल्या की ओळ पुसायची. "पाहून लिव्ह, मोजून लिव्ह." सातवी एकदा कुंपणापलीकडे सापडली तेव्हा तू माझ्यासमोर चूक कबूल करून ओळ परत लिहायला लावलीस. पाचवीत शाळेत गेल्यावर बाईंनी 'मी पक्षी झाले तर' असा निबंध घातला. मी 'झाले नाही' एवढं लिहून वही परत दिली. अशा मुलीने कथा लिहायची म्हणजे बघ.)

वाचनालयात लताबाई असतात. नियम असा, की एका वेळी एकच पुस्तक, सात दिवसांसाठी. कथालेखनावरची त्यांच्याकडे चार पुस्तकं आहेत, सगळ्यात खालच्या फळीवर, रांगोळीच्या पुस्तकांशेजारी. त्यातलं कोणतं उपयोगाचं ते ठरवायला मी पहिल्या दिवशी फरशीवर बसून चारही पुस्तकांची अनुक्रमणिका वाचली, मग प्रस्तावना, मग मागचं शुद्धिपत्रसुद्धा. लताबाई म्हणाल्या, "अहो, पुस्तक नेताय की स्थळ बघताय?" मी घाईने सगळ्यात जाड उचललं, कारण जाड पुस्तकात निदान काही राहून गेलेलं नसेल.

त्यात काहीच राहून गेलेलं नव्हतं. कथा म्हणजे काय याच्या एकोणीस व्याख्या होत्या, आणि प्रत्येक व्याख्या दिल्यावर लेखक ती का अपुरी आहे हे सांगत होते. मी पहिल्या सात वहीत उतरवून घेतल्या, तोवर आठव्या पानावर त्यांनी त्या सातही मोडीत काढल्या. आधीच्या कुणी वाचकाने पेन्सिलीने ओळींखाली रेघा मारल्या होत्या. चौदाव्या पानापर्यंत रेघा होत्या, पुढचं सगळं पुस्तक कोरं. तो वाचक कोण असेल, त्याने पुढे कथा लिहिली का, असा विचार करण्यात माझा एक रविवार गेला. पेन्सिलीच्या त्या रेघांशी माझी जरा ओळखच झाल्यासारखी वाटली. चौदाव्या पानानंतर पुस्तकात अगदी ओकंबोकं वाटायला लागलं, म्हणून परत केलं.

दुसरं पातळ होतं, तीस दिवसांत कथाकार करणारं. पहिल्या दिवसाचा अभ्यास: आजूबाजूच्या माणसांचं बोलणं कान देऊन ऐका आणि उतरवून घ्या. हे मला आवडलं, कारण यात खोटं काही नाही. तुला माहीत आहे, मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्टी लिहिते: माल कोणता, गोण्या किती, कुठून कुठे, खाली पाठवणाऱ्याची सही. (गोण्या स्वतः मोजल्याशिवाय मी आकडा घालत नाही, त्यामुळे आमचे ट्रक जरा उशिरा सुटतात. मालकांना सवय झाली आहे.) तर आमचा नाथाभाऊ ड्रायव्हर बाहेरच्या बाकावर बसून चंदर क्लीनरला सांगत होता, "तुला सांगतो, बायको रुसली ना, तर घाटात ब्रेक लागत नाय. लय वेळा बघितलं हाय मी." मी ते जसंच्या तसं वहीत घेतलं. आता ते वाक्य त्याचं, वापरणार मी, त्याला न विचारता कसं वापरायचं? म्हणून मी वही घेऊन बाहेर गेले, त्याला ते वाचून दाखवलं आणि म्हटलं, बरोबर असेल तर खाली सही करा.

आत्या, बिल्टीवर सही लागते तशी बोलण्यावरही घ्यावी, एवढाच माझा विचार होता. नाथाभाऊने एकदा वहीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "ताई, मी काय बोललो? मी काहीच बोललो नाय. चंद्र्या, मी बोललो का रे?" चंदर म्हणाला, मी तर हितं नव्हतोच. दुपारपर्यंत सगळ्या ड्रायव्हरांत झालं, की ऑफिसातली ताई मालकासाठी बोलणं लिहून घेते आणि वर सह्या मागते. तेव्हापासून मी बाहेर आले की बाकावर एकदम शांतता. तीन आठवडे झाले. माझ्याशी फक्त 'पुणे, चाळीस गोणी, टमाटा' एवढंच बोलतात, तेही तोलूनमापून. दुसऱ्या दिवसाचा अभ्यास होता, कालच्या माणसांशी आणखी मोकळेपणाने बोला. ते पुस्तक मी मुदतीआधीच परत केलं.

तिसरं भाषांतरित होतं, कुणा परदेशातल्या गृहस्थांचं. त्यांचं म्हणणं, रोज ठरलेल्या वेळी आपल्या खोलीत बसा, दार घट्ट लावून घ्या, घरच्यांना बजावून ठेवा की काही झालं तरी आत यायचं नाही. लेखनाच्या शत्रूंशी कसं लढायचं यावर पूर्ण प्रकरण आहे: येणारे पाहुणे, सारखा वाजणारा फोन, हाका मारणारी माणसं. मी रोज सात ते आठ दार लावून बसले. मग दोन दिवस उघडं ठेवून बसले, फरक कळावा म्हणून. काही फरक नव्हता. (सरिता सोडून. ती अर्थात येते-जाते.)

चौथं पुस्तक मात्र खरंच उपयोगाचं आहे. कुणी कथा लिहायची म्हटली तर मी हेच घ्यायला सांगेन, जाड घेऊ नये. यात पात्र उभं करण्यासाठी चाळीस प्रश्न दिलेले आहेत. सवयीसाठी मी सरिता घेतली, कारण जवळचं माणूस घ्या असं तिथे लिहिलं आहे. ती उशाखाली काय ठेवते? बॅटरी; सुरगाण्याकडच्या घरात लाइट सारखी जायची म्हणून लागलेली सवय. कशाला घाबरते? पालीला, आणि मोठ्याने बोलणाऱ्या बायकांना. भाकरी कशी करते? नागलीची, जाड, आणि पहिली स्वतः न खाता मला देते. हसताना तोंडावर पदर नाही, वही धरते. तीस उत्तरं मी एका बैठकीत लिहिली. एकतिसावा प्रश्न होता: तुमचं पात्र आत्ता या क्षणी कुठे आहे आणि काय करत आहे? तो तेवढा कोरा राहिला. (बाजारात गेली असेल.)

त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर म्हटलं आहे, की कथा पाठवण्याआधी तोंडावर खरं सांगणाऱ्या एका माणसाला ती वाचून दाखवा, आणि वाचताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा. मी लताबाईंना विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, "मला खरं सांगायला वेळ नाही हो, पुस्तकं लावायची आहेत." ते त्यांनी खरंच सांगितलं, तेव्हा माणूस योग्य होतं. असो.

बाकी सर्व ठीक. भाऊंना नमस्कार. गुडघ्याला तेल लाव. उत्तर सवडीने पाठवलंस तरी चालेल.

तुझी,
मोहिनी

ता. क. वर 'बाजारात गेली असेल' असं लिहिलं आहे ते पुसते. पत्र पाकिटात घातलं होतं, परत काढलं. सरिता बाजारात नाही. तिला सुरगाण्याच्या सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी लागली आणि ती १६ एप्रिलला जीपने गेली. जाताना बॅटरी मला देऊन गेली. मे, जून, जुलैच्या पत्रांतली सरिता (तिला आलेला ताप, आम्ही दोघींनी पाहिलेलं प्रदर्शन, तिने तुझ्या गुडघ्याची केलेली चौकशी) मी न पाहता लिहिली. तू भाऊंना दिलेला शब्द मोडायला नको म्हणून लिहिली. तुला ती इतकी खरी वाटली, की तू तिच्यासाठी वेगळा डबा पाठवलास. तो उघडला तेव्हा मला कळलं, की मला कथा लिहिता येते, आणि पुस्तकं शोधत होते तेव्हाही येत होती. त्याचा आनंद व्हायला हवा होता.

दुसरा ता. क. 'तिचे लाडू संपले' हे मात्र खरं आहे. तिच्या नावाचे मला खाववेनात आणि टाकवेनात. काल ऑफिसात नेऊन बाकावर ठेवले. बराच वेळ कुणी हात लावला नाही. मग नाथाभाऊने एक उचलला, खाल्ला, दुसरा घेतला आणि आतमध्ये बघून ओरडला, "ताई, दोन लाडू पोचले. सही कुठं करू?" सगळे हसले. मीही हसले, पण जरा उशिरा, कारण मी खरंच वही शोधत होते.

तिसरा ता. क. आता विनंती विशेष. माझी कथा खोलीत राहणाऱ्या दोन मुलींची आहे. त्यातली एक जाते. पुढे काय होतं ते मी पाहिलेलं नाही, म्हणून लिहू शकत नाही. तू ये. कांद्याचं भाऊ बघतील. देवळ्याहून सकाळची एसटी घे, द्वारकेला उतर, मी स्टॉपवर उभी असेन. मी वाचीन आणि तू मोजत बस, कुठे सहाच्या सात झाल्या ते. ३१ तारखेच्या नंतर आलीस तरी चालेल, कथा राहिली तर राहिली. भाऊंना सरिताबद्दल काय सांगायचं ते निघण्याआधी तूच ठरव; मला वाटतं खरंच सांगावं, आणि मोहिनी एकटी राहू नये म्हणूनच निघाले, हेही सांगावं.

आज ऊन पडलं आहे. सरिताची गादी गच्चीवर घातली आहे. तिची कॉट पुसून खिडकीपाशी ओढली. कॉटा दोन, उशा दोन, बॅटरी एक. पाहून लिहिलं आहे.