यादीतला शेवटचा माणूस

सोम. ६ मार्च २०१७
सिंगापूरच्या या टोकाला, तुआसला, जाणाऱ्या बसमध्ये आज सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. शनिवारी जहाजदुरुस्तीच्या यार्डातला मुरुगन नावाचा वेल्डर जहाजाच्या टाकीत उतरला आणि चक्कर येऊन पडला. हॉस्पिटलात आहे. धोका टळला म्हणतात. त्याला ताप होता, डॉक्टरने टाकीत उतरायला मनाई केली होती. तरी आम्ही सांभाळतो त्या गेटच्या सिस्टीममध्ये त्याची मनाई उठलेली! सुपरवायझर शपथेवर सांगतो, मी मुरुगनचं बटण दाबलंच नाही, यादीत त्याच्या वरच्या माणसाचं दाबलं. तो वरचा मात्र गेटवर अडकला.
बॉस टॅनने मला आणि माझ्याबरोबर कोड लिहिणाऱ्या सबनीसांना समोर उभं केलं. "आय वाँट टु नो हाउ. फास्ट."

मंगळ. ७
सापडलं, दीड तासात. मनाई असलेल्यांची यादी स्क्रीनवर येते, प्रत्येकापुढे 'मनाई उठवा' हे बटण. बटणं लूपमध्ये, म्हणजे एकेका नावाला एक फेरी अशी, तयार होतात आणि नाव ठेवायचा डबा var ने केलेला, म्हणजे सगळ्या फेऱ्यांना मिळून एकच. दर फेरीला आतला माणूस बदलतो. बटणांना माणूस ठाऊक नसतो, डबा कुठे आहे एवढंच ठाऊक असतं. कोणी बटण दाबेपर्यंत लूप कधीच संपलेला, डब्यात यादीतला शेवटचा माणूस. कोणाचंही दाबा, मनाई त्याचीच उठणार.
आजवर यादीत एका वेळी एकच जण असायचा, म्हणून कोणाला कळलं नाही. शनिवारी तिघे होते, मुरुगन तिसरा.
var काढून let घातलं. आता प्रत्येक फेरीला वेगळा डबा. तीन अक्षरांची चूक, तिच्यापायी माणूस मरता मरता वाचला.
टॅनने विचारलं, लिहिलं कोणी? कोडमधल्या बदलांचा इतिहास उघडला. सबनीसांचं नाव. गेल्या वर्षी सगळं कोड नव्या सर्व्हरवर त्यांनी हलवलं, त्यामुळे फाइलमधल्या प्रत्येक ओळीवर तेच. आधीचा इतिहास उरलेला नाही.

बुध. ८
टॅनने केबिनमध्ये बोलावलं, एकटीला. त्या डब्याचं नाव manus आहे. बोट ठेवून म्हणाला, "धिस वन वॉट वर्ड आह? युअर लँग्वेज?"
"मराठी. मीन्स पर्सन."
"सबनीस ऑल्सो मराठी, राइट?"
"येस."
एवढंच. तो लिहून घेत होता, मी बघत होते.
ती ओळ माझी आहे. २०१३. लेकीला, ईशाला, कांजिण्या आलेल्या, मी अर्ध्या दिवसात काम उरकून पळाले होते. घाईत असले की मी नावं मराठीतच ठेवते. काल फाइल उघडल्या उघडल्या ओळखलं होतं.
बोलले नाही. नोव्हेंबरात नवऱ्याची, श्रीची, नोकरी गेली. तो आणि ईशा, दोघांचं इथलं राहणं माझ्या नोकरीच्या पासवर. माझ्या पासच्या मुदतवाढीचा कागद टॅनच्या टेबलावर, महिनाअखेर जायचाय. सबनीसांचं कॉण्ट्रॅक्टही त्याच्याच हातात.
लाज वाटते. लिहितानाही वाटते.

शुक्र. १०
सकाळी बसमध्ये सबनीस नेहमीसारखे शेजारी. चोपन्न वर्षांचे, बायको ठाण्याला, इथे बुकित बातोकला आमच्या मागच्या ब्लॉकमध्ये भाड्याच्या खोलीत एकटे.
"अहो वीणा, मी ते लिहिलेलं मला आठवतच नाही हो. पण नाव माझंच आहे. आणि manus दुसरं कोण लिहिणार?"
मी खिडकीबाहेर बघितलं.
"तुम्ही तर नाहीच. तुमचं काम नेटकं."
तेव्हा सांगायचं होतं. पुढचा स्टॉप आला, माणसं चढली, राहिलं.

रवि. १२
ईस्ट कोस्टला समुद्रावर गेलो. श्री उसनं हसू आणून सायकल चालवत होता. ईशा मला म्हणाली, "आई, व्हाय यू सो ब्लर टुडे?" हरवल्यासारखी दिसते म्हणे. तिच्यावर उगाच खेकसले. मग बसली तोंड फुगवून.
श्रीला सगळं सांगितलं. आधी म्हणाला, "तुझं नाव आहे का तिथे? नाही ना. मग?" थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "ईशाचं शाळेचं वर्ष तरी होऊ दे." त्याचं चुकलं म्हणवत नाही. मीही हेच घोकतेय चार दिवस.
खूप दमलेय. काम नाही, काही नाही, तरी दमलेय.

मंगळ. १४
बसमध्ये सबनीस शेजारीच होते. मधल्या स्टॉपवर, पॉलिक्लिनिकजवळ, उतरले. "येतो दुपारी" एवढंच म्हणाले. जेवणाच्या वेळी कळलं. स्मरणशक्तीची तपासणी.
"घड्याळ काढायला लावलं. शंभरातून सात सात वजा करायला लावले. दोनदा चुकलो." हसले. "अख्खी फाइल लिहून विसरायची म्हणजे काहीतरी बिघडलंच असणार ना? अजून टेस्ट आहेत, २८ला. मुलीला कळवलं नाही."
नोकरीचा विचार केला होता मी, कॉण्ट्रॅक्टचा केला होता. ते स्वतःच्याच डोक्यावर संशय घेतील, हा नव्हता केला.

बुध. १५
नऊ वाजता टॅनकडे गेले. ती ओळ माझी, म्हणाले. सबनीसांनी फक्त फाइल हलवली.
टॅनने पेन खाली ठेवलं. "व्हाय यू नेव्हर से लास्ट वीक?"
सॉरी म्हणाले.
"ओके. यू गो बॅक फर्स्ट." मुदतवाढीचा कागद उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हणजे काय, कोण जाणे.
मग कँटीनमध्ये सबनीसांना सांगितलं. २०१३, कांजिण्या, सगळं. त्यांनी चहा पूर्ण प्यायला, कप धुऊन ठेवला आणि गेले.
मुरुगनला डिस्चार्ज मिळाला, ही बातमी दुसऱ्याच कोणाकडून कळली. या सगळ्यात सर्वांत कमी विचार मी त्याचाच केला.

शुक्र. १७
टॅनकडून काही नाही. श्री रोज विचारतो, मी मान हलवते.
सबनीस बसमध्ये काल पुढे बसले, आज मागे. उतरल्यावर मीच थांबवलं. म्हटलं, आता ती २८ची तपासणी रद्द करा. तुम्ही काहीच विसरला नव्हता.
"नोकरीची भीती नव्हती हो मला," म्हणाले. "त्या डॉक्टरसमोर घड्याळ काढताना मी एकेक आकडा दोनदा तपासून लिहीत होतो. आणि त्याच सकाळी तुम्ही माझ्या शेजारी बसला होता."
मी माफ करा म्हणाले. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.
गेटपाशी पोचल्यावर ते थांबले.
"तपासणीला मी जाणार. शंभरातून सात वजा करताना दोनदा चुकलो, ते तर तुमच्या कोडमुळे नव्हतं ना?"
पास दाखवून आत गेले ते, मी बाहेरच उभी होते.