मुंगीची बोटं आणि वीस कागद

४ एप्रिल, सकाळी ८
आजपासून शिस्त. ताई नर्स, भाऊजी छापखान्यात, दोघंही दिवसभर बाहेर. म्हणून सुट्टीभर भाची माझ्या ताब्यात. वय पाच, नाव काहीही असो, सगळे मुंगी म्हणतात.
शाळेच्या बाईंचं म्हणणं, मुंगीच्या बोटांत जोर नाही, पेन्सिल मुठीत धरते. सुट्टीत वीस चित्रं रंगवून घ्या. २५ तारखेला समोर बसवून बघणार. जमलं तर मोठा वर्ग, नाहीतर परत लहान गट. मुंगीची एकुलती एक मैत्रीण मोठ्या वर्गात चाललीय. पोरगी त्या धास्तीनं नीट जेवत नाही.
भाऊजी म्हणाले, याच्या हातात दिलंय ना, मग झालंच कल्याण. दात काढून म्हणाले. तीन नोकऱ्या सोडल्या म्हणून माणसाला चित्र रंगवता येत नाही का?

८.४०
बाईंनी चित्रांच्या वीस कागदांबरोबर दिलेली डबी उघडली. आत मेणखडूंचे तुकडे. पेराएवढे. एकही सबंध नाही. फी पूर्ण घेता आणि पोरांना मोडकं देता? डोकंच फिरलं. मुंगीला म्हटलं, मोडक्या वस्तू केरात टाकतात. टाकल्या.

५ एप्रिल
नवे रंग आणायला निघालो, मुंगी खांद्यावर. वाटेत क्रेननं पाण्याची टाकी गच्चीवर चढवत होते. ते बघणं भाग होतं. तीन तासांत टाकी दोन मजले चढली आणि परत खाली आली. असल्या क्रेनवाल्याला कामावर ठेवतं कोण? त्याच्यापायी दुकान बंद झालं.

७ एप्रिल
स्केचपेन आणले. जाडजूड, चोवीस. चित्र पहिलं, बदक. मुंगीनं पेन सुऱ्यासारखा धरला आणि बदक सोडून सगळं रंगवलं. रेषेच्या आत रंगव म्हटलं तर विचारते, त्याला आत का कोंडायचं? मी ओरडलो. ती रडली. मग थोडं करून दाखवलं. थोडं म्हणजे पूर्ण. बदक झकास झालं.

११ एप्रिल
सहा चित्रं तयार. पद्धत बसली. ती रंग सांगते, मी भरतो. याला टीमवर्क म्हणतात.
ताईला दाखवली. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "तुझ्या हातून काहीतरी तडीला गेलं रे." खरं सांगणार होतो. पण ती दमून आली होती, आणि दमलेल्या माणसाला त्रास देऊ नये.

१४ एप्रिल
शेजारच्या काकूंना कोणी विचारलं नव्हतं. तरी म्हणाल्या, पोरीला कपड्यांचे चिमटे लावू दे, शर्टाची बटणं लावू दे, बोटं आपोआप तयार होतात. मी म्हटलं, काकू, पाच वर्षांच्या लेकराला कामाला जुंपू का?
चिमटे मीच लावले. बटणंही.

१६ एप्रिल
बारा चित्रं झाली. मला शेडिंग जमायला लागलंय. मुंगी कंटाळून दारात बसते. आजकालच्या पोरांत चिकाटीच नाही.

२१ एप्रिल
पेन पुसायला कागद हवा होता, म्हणून पहिला कागद उलटला. मागे बाईंची चिठ्ठी. तुकडे मुद्दाम मोडून दिलेत म्हणे. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, मूल आपोआप तीन बोटांत धरतं. सबंध खडू देऊ नका. चित्र बिघडलं तरी चालेल.
अहो, मग हे पुढच्या बाजूला लिहायला काय झालं होतं? बदकाच्या पाठीमागे कोण बघतं?

२२ एप्रिल
नवे मेणखडू आणले आणि मोडले. मुंगीनं हात मागे घेतले. म्हणाली, मोडकं केरात टाकतात, तूच म्हणालास. समजावलं. चॉकलेट दिलं. ओरडलो. चॉकलेट खाल्लं, खडू घेतला नाही. हट्टीपणा तिला बापाकडून आलाय.

२४ एप्रिल
उरलेली सगळी मीच उरकली. शेवटी बाई चित्रंच बघणार.

२५ एप्रिल
ताई-भाऊजीही रजा काढून शाळेत आले. बाईंनी वीसही कागद बघितले. छान म्हणाल्या. मग मुंगीसमोर एक गोल काढला आणि लाल तुकडा ठेवला.
मुंगीनं तो तुकडा माझ्याकडे सरकवला. म्हणाली, "मामा, भर ना."
बाई ओरडल्या नाहीत. लहान गट, म्हणाल्या, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. शेजारच्या दारातून मैत्रीण हात हलवत मोठ्या वर्गात गेली. मुंगीनं विचारलं, आता डबा कोणाबरोबर खायचा? भाऊजींनी मला एक टोमणा मारला असता तरी चाललं असतं, भांडता आलं असतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.
व्हरांड्यात मुंगीच्या सँडलचा पट्टा सुटला. मी वाकलो.
ताई म्हणाली, "तू राहू दे. तिचं तिला लावू दे."
मुंगी जमिनीवर बसली. पट्टा निसटला, परत धरला, परत निसटला. दहा मिनिटं झाली. शेवटी चुकीच्या भोकात लागला. ताईनं तिला उचलून घेतलं.
मी तिथंच उभा होतो. मला कोणी काही करायला सांगितलं नाही.