लिंबू टोचण्यापुरती धार

अण्णा, त्या दिवशी मी एकदाच खोटं बोलले असते, तर तुम्ही परत मस्कतला गेला असता का? आपल्या घरातली पहिली पदवी माझी, पण याचं उत्तर मला देता येत नाही.

तीन वर्षं तिकडे वेल्डिंग करून तुम्ही सुट्टीवर आलात, ते चकचकीत म्यानातली वाकडी तलवार घेऊन. विमानतळावर कस्टमवाल्यांनी शोभेची म्हणून सोडली, हे गल्लीत प्रत्येकाला सांगून झालं. येवल्याला तुमच्या पुतण्याचं लग्न होतं. मिरवणुकीत नवरदेवाच्या हाती हीच द्यायची, टोकाला लिंबू खोचून. आदल्या दिवशी स्वयंपाकघरात तुम्ही लिंबू लावून पाहिलंत. ते चेपलं, पण टोचेना. "मस्कतची तलवार, अन् लिंबू धरत नाय!" आई हसून बेजार. तुम्ही तडक धारवाल्याकडे गेलात आणि तेवढं टोक घासून आणलंत.

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर झडती चालू आहे. शहरात हत्यारबंदी लागलेली, आपल्याला पत्ताच नाही. हवालदार तलवारीभोवती गुंडाळलेली चादर उलगडतो. "काय मामा, लढाईला निघाले का?"

"लग्नाला, साहेब. शोभेची हाय."

चौकीत फौजदार पात्यावरून अंगठा फिरवतात. बोथट. "धारबिर लावली नाही ना कुठं?"

"नाय साहेब, आणली तशीच हाय."

ते तलवार परत देतच असतात, आणि सहज माझ्याकडे वळतात. "तुम्ही शिकलेल्या दिसता. खरं ना?"

मी म्हणाले, "टोकाला लावलीय. लिंबू टोचण्यापुरती." मनात वाईट नसलं की खरं बोलणाऱ्याला कुणी काही करत नाही, असं मला मनापासून वाटत होतं. त्यांनी धारेचं लिहून घेतलं, लिंबाचं नाही.

खटला उभा राहिला, पासपोर्ट जमा झाला, सुट्टी संपली. तुमची जागा भरल्याचं कंपनीचं इंग्रजी पत्र मीच तुम्हाला मराठीत सांगितलं. तुम्ही ग्रिलच्या दुकानात लागलात. तारखा पडत राहिल्या आणि निकालाआधीच तुम्ही गेलात. मला कधी एका शब्दाने बोलला नाहीत. उलट घरी सांगितलंत, "फौजदारानं टोक पाहूनच वळखलं." काका अजून त्या फौजदाराला शिव्या देतात, आणि मी त्यांच्यापुढे चहा ठेवून आत जाते.

गेल्या रविवारी आई मेथी निवडत होती. मी तिला सगळं सांगून टाकलं. तिने हातातली काडी मोडली. मग म्हणाली, "तिथं कुणी तुला मारत होतं का?"

"नाही."

"मग?"

तेव्हापासून ती माझं ताट वाढून ठेवते, जेव म्हणत नाही.

सांगितल्यावर हलकं वाटेल, एवढ्याचसाठी सांगितलं, अण्णा. माझ्यासाठी तुम्ही बोललेलं ते खोटं मी मोडून टाकलं. पुन्हा तुम्हाला न विचारता.