गरम भाताला दोन गुण

उमरखेड, बुधवार

शाळांच्या ग्रंथालयांसाठी पुस्तकं निवडायच्या समितीत माझं नाव कोणी घातलं कोण जाणे. ही पाचवी कादंबरी. पोरगा विहिरीतल्या दारातून जादूच्या राज्यात जातो, सात वर्षं लढतो, परत येतो तर ताटातला भात अजून गरम! 'गुळगुळीत झालेली युक्ती' असा शेरा मारून नावीन्याला दहापैकी दोन दिले. कंटाळाही येत नाही आता. नुसती वाचून राह्यले.

गुण द्यायच्या आधी एखादं प्रकरण वर्गात वाचून पाहायचं, ही माझीच पद्धत. या खेपेला गुण आधी, वाचन मागून. आज सहावीला शेवटचं प्रकरण वाचलं. तांड्यावरची सविता मधेच म्हणाली, "मॅडम, भाताचं पुन्हा वाचा न."

वाचलं.

"अजून एकदा."

"काहून गं?"

"माही याडी ऊसतोडीवरून येते तवा मले पाहून म्हणते, केवढी वाढली माही पोरगी. अन् रडते. दरसाल. या पोराच्या आईले तर तो गेलता हेच समजलं नाही. बरं झालं न, मॅडम?"

हो म्हणाले. पुस्तक मिटलं. तेव्हा मला भरून यायला हवं होतं ना? नाही आलं. काहीच नाही.

आता ताट वाढून घेतलंय, बाजूला गुणांचा तक्ता. दोनाचे आठ करायचे तर कारण काय लिहू? रकाना बोटभर. त्या दोनावर पेन टेकवून किती वेळ बसले, कळलं नाही.

भात पार गार झालाय.