बारशासाठी गाळलेली रम

वायकाटो, न्यूझीलंड
रविवार

प्रिय बाबा,

तुमच्या लेकीचा नमस्कार आणि नातीचा गोड पापा.

छोटी महिनाभर आधी जन्मली खरी, पण आता पोटभर दूध पिते. डॉक्टरही खूश आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? होडीतून एकटे जात नाही ना?

बारशाला विकतची रम चालायची नाही, असं तुम्ही बजावलं होतंत. इथे घरापुरती गाळायला बंदी नाही. पण आपल्या कॅरियाकू बेटासारखा ऊस नाही आणि मळीची इवलीशी बरणीसुद्धा महाग. गुरांनाही मळी घालतात, म्हणून शेवटी गुरांच्या खाद्याच्या दुकानात गेले.

"गाई किती तुमच्याकडे?" दुकानदाराने विचारलं.

"एकही नाही. रम गाळायची आहे."

तो हसला. "मग हे पिंप नको, यात गुरांसाठी क्षार मिसळलेत. ही शुद्ध मळी घ्या आणि निम्मी तपकिरी साखर घाला. स्वस्तात भागेल."

तसंच केलं. आंबायला वेळ लागला, पण जमली. एक घोट घेताच तुमचे जावई ठसकले आणि म्हणाले, "सासरेबुवाच आले की!"

आज बारसं झालं. आपल्या रीतीप्रमाणे अंगणात रमचे थेंब सोडत मी पूर्वजांची नावं घेतली. आजी झाली, पणजी झाली. पणजीच्या आईचं नाव काही केल्या आठवेना. नुसतंच "आणि तिची आई" म्हटलं.

बाबा, ती नावं आता तुम्हालाच ठाऊक आहेत. सगळी लिहून पाठवाल? घाई नाही. पण याच आठवड्यात पाठवा.

तुमचीच,
डेल्फीन